गुंतवणूकदाराच्या कपाटातले अध्यात्म

माझा भाचा गोव्यात पर्वरीला राहून बंगळूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे काम घरूनच करतो. गेल्या पावसाळ्यात त्याने मला पुस्तकांची एक यादी पाठवली आणि खाली विचारले, "मामा, यांतले आधी काय वाचू?" यादी नवल रविकांत या अमेरिकास्थित गुंतवणूकदाराने शिफारस केलेल्या पुस्तकांची होती. तिच्यातला विज्ञानाचा आणि व्यवहाराचा भाग मला अपेक्षितच होता. पण पुढे अध्यात्म आणि तत्त्वज्ञान या सदरात जिद्दू कृष्णमूर्ती, ओशो, अँथनी डिमेलो, मार्कस ऑरेलियस, सेनेका, हेर्मान हेसे, खलील जिब्रान अशी मंडळी एका पंगतीला बसलेली दिसली, तेव्हा थोडे थांबावेसे वाटले. भाच्याशी बोलताना त्याच्या मनातला खरा प्रश्नही हळूहळू बाहेर आला. ही पुस्तके वाचल्यामुळे हा माणूस एवढा यशस्वी झाला का, आणि झाला असेल तर आपणही ती वाचून टाकावीत का, हे त्याला जाणून घ्यायचे होते.

आधी या माणसाविषयी थोडे सांगितले पाहिजे. नवल रविकांत यांचा जन्म १९७४ साली दिल्लीत झाला आणि वयाच्या नवव्या वर्षी ते आई व भावासह न्यूयॉर्कला गेले. डार्टमथ महाविद्यालयात त्यांनी संगणकशास्त्र आणि अर्थशास्त्र हे विषय घेतले, १९९९ साली एपिनियन्स ही कंपनी सुरू करणाऱ्यांत ते होते, आणि २०१० साली त्यांनी बाबक निवी यांच्यासह एंजललिस्ट हे नवउद्योजकांची आणि गुंतवणूकदारांची गाठ घालून देणारे व्यासपीठ उभे केले. ट्विटर आणि उबर या कंपन्या लहान असतानाच त्यांनी त्यांत पैसे घातले होते. २०१८ मध्ये संपत्ती कशी निर्माण होते यावर त्यांनी ट्विटरवर लिहिलेली वाक्ये जगभर फिरली, आणि २०२० साली एरिक जॉर्गन्सन यांनी त्यांची वाक्ये व मुलाखती निवडून एक पुस्तक केले, जे इंटरनेटवर विनामूल्य वाचता येते. भाच्याकडे आलेली यादी त्याच पुस्तकाच्या शेवटी आहे.

त्या पुस्तकाचे मुख्य भाग दोन आहेत, एक संपत्तीचा आणि दुसरा सुखाचा. आपण ज्या पुस्तकांविषयी बोलत आहोत ती सगळी दुसऱ्या भागाच्या गोत्रातली आहेत. रविकांत स्वतः इच्छेची व्याख्या अशी करतात की, हवी ती गोष्ट मिळेपर्यंत दुःखी राहण्याचा माणसाने स्वतःशी केलेला तो करार असतो. करारनाम्यांच्या जगात वावरणाऱ्या माणसाला शोभेल अशी ही उपमा आहे. भाच्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिच्यातच आले आहे, कारण यश मिळवण्याच्या इच्छेने जो ही पुस्तके हाती घेईल त्याला पहिल्या काही पानांतच त्या इच्छेचीच तपासणी सुरू झालेली दिसेल.

हे सर्वांत सोप्या भाषेत अँथनी डिमेलो यांनी सांगितले आहे, म्हणून आरंभ त्यांच्यापासून करतो. डिमेलो हे १९३१ साली मुंबईत जन्मलेले येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू होते. लोणावळ्याची साधना ही संस्था त्यांची, आणि १९८७ साली न्यूयॉर्क येथे त्यांचे अकस्मात निधन झाले. त्यांचे म्हणणे असे की, आपण ज्याला प्रेम, महत्त्वाकांक्षा किंवा गरज म्हणतो ती बहुतेक वेळा आसक्ती असते, आणि आसक्ती म्हणजे 'अमुक एक मिळाल्यावाचून मी सुखी होऊच शकत नाही' ही मनात बसलेली समजूत. ती वस्तू वाईट असते असे ते म्हणत नाहीत. ते फक्त त्या समजुतीकडे बोट दाखवतात. समजा एखाद्याला पर्वरीत नदीचे दर्शन होणारा फ्लॅट हवा आहे. तो मिळाला नाही तर त्याला वाईट वाटेल, आणि मिळाला तर थोडे दिवस बरे वाटून मग हप्त्यांची, भावांच्या मत्सराची आणि समोर नवी इमारत उठून नदी झाकली जाण्याची धास्ती लागेल. मिळण्यात आणि न मिळण्यात अशी दोन्हींकडे अस्वस्थताच असेल, तर अस्वस्थतेचे मूळ फ्लॅटमध्ये नसून 'त्यावाचून मी अपुरा' या समजुतीत आहे, हे दिसायला लागते. डिमेलो यांचा पुढचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. ही समजूत प्रयत्नाने उपटून टाकता येत नाही, ती नीट पाहिली की आपोआप सैल होते, आणि म्हणून त्याग करण्यापेक्षा जागे होणे त्यांना मोलाचे वाटते. त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९९८ साली, व्हॅटिकनच्या धर्मतत्त्वविषयक विभागाने त्यांच्या काही मतांचा कॅथलिक श्रद्धेशी मेळ बसत नाही असे जाहीर केले, ही गोष्टही वाचकाला ठाऊक असावी. आमच्याकडे देवळात आणि इगर्जीत जाणारी माणसे एकाच वाड्यावर राहतात, आणि डिमेलो यांची पुस्तके वाचताना त्या दोघांनाही थोडे घरचे आणि थोडे अडचणीचे वाटेल, असे मला वाटते.

इच्छेकडे पाहण्याची दुसरी रीत रोमन आहे. सेनेका आणि मार्कस ऑरेलियस हे दोघे स्टोइक पंथाचे. या पंथाचा पाया एका भेदावर उभा आहे. आपले मत, आपला निर्णय, आपली कृती या गोष्टी आपल्या हातात असतात, आणि शरीर, पैसा, नावलौकिक, दुसऱ्याचे वागणे, हवामान या गोष्टी शेवटी आपल्या हातात नसतात. पहिल्या गोष्टींवर कष्ट घ्यावेत आणि दुसऱ्या जशा येतील तशा स्वीकाराव्यात, हा त्यांचा उपदेश. ऐकायला हा साधा वाटतो, पण नोकरीतला माणूस दिवसभराची काळजी या दोन राशींत वाटून पाहील तर दुसरी रास किती मोठी आहे हे त्याला कळेल. सेनेका स्वतः अतिशय श्रीमंत होता, नीरो सम्राटाचा शिक्षक व सल्लागार होता, आणि इसवी सन ६५ मध्ये त्याच नीरोच्या हुकमाने त्याला स्वतःचा जीव घ्यावा लागला. लुसिलियस या मित्राला लिहिलेल्या त्याच्या १२४ पत्रांपैकी अठराव्या पत्रात तो सुचवतो की, अधूनमधून काही दिवस अगदी स्वस्त आणि थोडके अन्न खावे, जाडेभरडे कपडे घालावेत आणि स्वतःला विचारावे की, ज्याची मला एवढी भीती वाटत होती ते हेच का? गरिबीची रंगीत तालीम करणारा हा धनिक गुंतवणूकदारांना का आवडतो, हे समजणे अवघड नाही, कारण जोखीम घेणाऱ्याला सर्वांत वाईट काय घडेल याचा हिशेब आधी करून ठेवावाच लागतो. पण दोन दिवस पेज जेवणारा धनिक आणि रोजच पेज जेवणारा माणूस यांच्या अनुभवात अंतर असते, आणि सेनेका वाचताना ते मला प्रत्येक वेळी आठवते.

मार्कस ऑरेलियस याच्याविषयी ही तक्रार करता येत नाही, कारण तो कुणाला उपदेश करायला बसलेला नव्हता. इसवी सन १६१ ते १८० या काळात रोमवर राज्य करणाऱ्या या सम्राटाने रोगाच्या साथीच्या आणि सरहद्दीवरच्या लढायांच्या धामधुमीत ग्रीक भाषेत स्वतःसाठी जी टिपणे लिहिली, त्यांचे बारा भाग आज आपण वाचतो. सकाळी उठायचा कंटाळा, दरबारातली कृतघ्न माणसे, जवळ आलेला मृत्यू, असे त्याचे विषय आहेत. तो तीच गोष्ट पुनःपुन्हा लिहितो, कारण ती त्याला पुनःपुन्हा विसरायला होत होती. रविकांत यांचा थोडीच पुस्तके पण वारंवार वाचण्याचा जो आग्रह आहे, त्याचे समर्थन मला या टिपणवहीत सापडते.

आता यादीतला सर्वांत कठीण भाग. मायकेल सिंगर यांचे २००७ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक आणि कृष्णमूर्तींची व्याख्याने ही दोन्ही मनाकडे पाहण्याविषयी आहेत आणि दोन्ही एकच गोष्ट सांगतात असा पुष्कळांचा समज होतो. सिंगर हे फ्लॉरिडात ध्यानकेंद्र चालवणारे आणि वैद्यकीय सॉफ्टवेअरची कंपनी उभारलेले गृहस्थ आहेत. ते म्हणतात की, डोक्यात अखंड बडबडणारा जो आवाज आहे तो तुम्ही नाही. तो ऐकणारा जो आहे तो तुम्ही. फोंड्याहून पणजीला निघालेली बस बाणस्तारीला अडकली की आतून आवाज येतो, 'आज पुन्हा उशीर, साहेब काय म्हणेल, मी आधीच निघायला हवे होते.' हा आवाज आपल्याला ऐकू येतो, म्हणजेच ऐकणारा त्याच्याहून वेगळा आहे. त्या ऐकणाऱ्याच्या जागी बसून राहिले की आवाज येतो आणि जातो, आणि आपल्याला त्याच्यामागे धावावे लागत नाही. मराठी वाचकाला ही कल्पना नवी वाटायला नको. तिला आपण साक्षीभाव म्हणतो, आणि ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातला क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ, म्हणजे शरीर आणि त्याला जाणणारा, यांचा विवेक ज्याने ऐकला आहे तो सिंगर यांचे अर्धे पुस्तक अडखळल्याशिवाय पार करील.

कृष्णमूर्ती येथे वेगळे वळण घेतात. ते विचारतात की, रागाकडे पाहणारा हा जो 'मी' आहे तो कुठून आला? तोही आठवणींचा, शिकवणुकीचा आणि 'मी शांत असायला हवे' या अपेक्षेचाच बनलेला नाही काय? मग राग हा एक विचार आणि रागाला आवरू पाहणारा हा दुसरा विचार, आणि दोघांच्या झटापटीलाच आपण आत्मसंयम असे नाव देतो. पाहणारा आणि पाहिले जाणारे हे वेगळे नाहीत, हे त्यांचे प्रसिद्ध सूत्र याच अर्थाने समजून घ्यावे. चिडखोर माणूस जेव्हा 'मी शांत होईन' असा निश्चय करतो तेव्हा तो आजच्या चिडीकडे पाहणे उद्यावर ढकलतो, आणि उद्याच्या शांतीच्या कल्पनेत रमून आज चिडतच राहतो, असे त्यांचे निरीक्षण आहे. सिंगर साक्षीच्या आसनावर बसायला सांगतात, तर कृष्णमूर्ती त्या आसनाचे लाकूड तपासायला सांगतात. या दोन शिकवणुकी एकमेकींच्या जवळून जातात, पण त्या एक नाहीत, आणि त्यांतली कुठली खरी हे वाचकाने स्वतःच्या रागावर करून पाहायचे असते.

या वादाला मराठीत फार जुनी वाट आहे. चांगदेव पासष्टीच्या ६५ ओव्यांत ज्ञानदेवांनी दृश्य, द्रष्टा आणि दर्शन या त्रिपुटीचाच प्रश्न घेतला आहे. आरशात आपण आपलेच तोंड पाहतो तेव्हा पाहणारा आणि पाहिले जाणारे असे दोन भासतात, पण तोंड एकच असते. एकच जाणीव स्वतःला पाहण्यासाठी दोन झाल्यासारखी दिसते, असा त्यांचा रोख आहे. कृष्णमूर्तींनी परंपरेचा आधार घेण्याला आयुष्यभर विरोध केला, त्यामुळे त्यांना ही जोडणी रुचली नसती, आणि ज्ञानदेव जिथे त्या एकत्वाला आनंदाने नाव देतात तिथे कृष्णमूर्ती गप्प राहतात, हा फरकही पुसून टाकण्याजोगा नाही. तरीही जो वाचक पासष्टी समोर ठेवून कृष्णमूर्ती वाचील त्याला प्रश्न तरी नेमका काय आहे हे कळेल, आणि इंग्रजीत प्रथमच या विषयाला भिडणाऱ्याच्या तुलनेत तो सुरुवातीलाच चार पावले पुढे असेल.

भाच्याने कृष्णमूर्तींची वीस पाने वाचून तक्रार केली की, "करायचे काय ते हे गृहस्थ सांगतच नाहीत." तक्रार खरी आहे, आणि तिच्यामागे एक इतिहास आहे. १९०९ साली मद्रासजवळ अड्यार येथे, सर्व धर्मांच्या मुळाशी एकच ज्ञान आहे असे मानणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या लोकांनी या मुलाला हेरले, त्याला भावी जगद्गुरू ठरवले आणि त्याच्याभोवती एक आंतरराष्ट्रीय संघ उभा केला. ३ ऑगस्ट १९२९ रोजी नेदरलँड्समधील ओमेन येथे त्या संघाच्या हजारो सभासदांसमोर उभे राहून कृष्णमूर्तींनी तो विसर्जित केला. सत्य हा कुठलीच वाट नसलेला प्रदेश आहे आणि कुठलाही पंथ तिथे नेऊ शकत नाही, असे त्यांनी त्या दिवशी सांगितले, आणि संघाला मिळालेल्या देणग्या व जमिनी परत केल्या. ज्याने स्वतःचे गुरुपद असे मोडून टाकले त्याच्याकडून सात पायऱ्यांची साधना मिळणार नाही.

आणि त्याच यादीत ओशोंचा जो जाडजूड ग्रंथ आहे तो नेमका पद्धतींचाच आहे. विज्ञान भैरव तंत्र या छोट्या काश्मिरी ग्रंथातल्या ११२ धारणांवर ओशोंनी मुंबईत दिलेली ती प्रवचने आहेत. श्वासाच्या वळणावर लक्ष ठेवणे, आवाज ऐकत त्याच्या शेवटापर्यंत जाणे, शिंक येण्याच्या क्षणी जागे राहणे अशा युक्त्या त्यात विस्ताराने समजावल्या आहेत. एक जण म्हणतो पद्धतच अडथळा आहे, आणि दुसरा ११२ पद्धती देऊन म्हणतो की यांतली एखादी तुझी असेल. यादी करणाऱ्याला हा विरोध ठाऊक नसेल असे नाही; त्याने जे उपयोगी पडले ते ठेवले. वाचकाने मात्र एका आठवड्यात दोन्ही पुस्तके उरकली तर त्याच्या हाती फक्त छान वाक्ये उरतील. ओशोंविषयी आणखी एक गोष्ट न लपवता सांगावी लागते. १९८४ साली अमेरिकेतील ओरेगन राज्यात त्यांच्या आश्रमातील काही अनुयायांनी उपाहारगृहांतल्या अन्नात जंतू मिसळून ७५१ लोकांना आजारी पाडले. प्रवचने बुद्धिमान आहेत, आणि हेही घडले आहे. दोन्ही लक्षात ठेवून वाचावे.

गुरूची शक्ती किती आणि शिष्याच्या मनाची किती, या प्रश्नावर एका गोमंतकीयाचेही उत्तर आहे. कांदोळीला १७५६ साली जन्मलेले आबे फारिया, ज्यांचा पुतळा पणजीच्या जुन्या सचिवालयाशेजारी हात उगारून उभा आहे, त्यांनी पॅरिसमध्ये असे प्रतिपादन केले की, संमोहनात जे घडते ते संमोहकाच्या अंगातल्या कुठल्या दिव्य द्रवामुळे घडत नाही, ते समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनामुळे घडते. त्यांचा विषय निद्रेचा होता आणि आपल्या यादीचा विषय जागे होण्याचा आहे, पण त्यांचे हे मत ओशो आणि कृष्णमूर्ती यांच्यामध्ये ठेवून पाहण्यासारखे आहे.

हेसे यांची १९२२ सालची सिद्धार्थ ही कादंबरी मात्र कुणीही वाचावी. हेसे यांच्या आईचा जन्म केरळातल्या तलश्शेरीचा, आणि आजोबा हेर्मान गुंडर्ट यांनी मल्याळम शब्दकोश तयार केला, म्हणजे या जर्मन लेखकाच्या घरात आपल्याच किनाऱ्याचे वारे होते. नायकाचे नाव सिद्धार्थ असले तरी तो गौतम बुद्ध नाही. तो बुद्धाला भेटतो, त्याचा उपदेश निर्दोष आहे हे मान्य करतो आणि तरीही त्याच्या संघात जात नाही. मग तो एका व्यापाऱ्याकडे नोकरीला लागतो, पैसा कमावतो, जुगार खेळतो, स्वतःचीच किळस येईपर्यंत त्यात रुततो आणि शेवटी एका नावाड्याबरोबर नदीकाठी राहून नदी ऐकायला शिकतो. व्यापाराची प्रकरणे फार प्रामाणिक आहेत. प्रारंभी सिद्धार्थ व्यापार खेळासारखा करतो, नुकसान झाले तरी हसतो, आणि म्हणूनच त्याला तो चांगला जमतो. पुढे तो खेळ त्याचा मालक होतो. तंत्रज्ञानातल्या गुंतवणूकदाराला ही कादंबरी जवळची का वाटावी हे यावरून कळते. दिवाडीच्या फेरीबोटीत बसून ती वाचली तर आणखी बरे, पण प्रवास फार लहान आहे.

उरलेल्यांविषयी थोडक्यात सांगतो. जिब्रान यांचे १९२३ सालचे काव्यात्म पुस्तक लग्न, मुले, काम, मरण अशा विषयांवर आहे आणि ते मोठ्याने वाचण्यासाठी आहे. ब्रूस ली यांच्या विचारांचा संग्रह मला विस्कळीत वाटला. कमल रविकांत यांचे छोटे पुस्तक नवल यांच्या सख्ख्या भावाचे आहे, हे लक्षात घेऊन त्या शिफारशीचे वजन करावे. मायकेल पोलन यांचे २०१८ सालचे पुस्तक मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांच्या संशोधनाविषयी आहे; ते माहितीपूर्ण आहे, पण एलएसडी आणि सायलोसायबिन ही द्रव्ये १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली भारतात निषिद्ध आहेत, आणि हणजुणे-वागातोरच्या पट्ट्यात अशा द्रव्यांपायी काय काय झाले आहे हे गोव्यात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

भाच्याशी या सगळ्यावर बोलत असताना मला सोहिरोबानाथ आंबिये वारंवार आठवत होते. पेडण्यातील विर्नोडा येथील सरकारी महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते हे अठराव्या शतकातले संतकवी बांद्याचे कुलकर्णीपद सोडून या मार्गाला लागले. 'अंतरीचा ज्ञानदिवा मालवू नको रे' ही त्यांची ओळ मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींच्या आवाजात गोव्यात घरोघर पोचली आहे. उत्तरेत महादजी शिंद्यांसमोर त्यांनी आपल्याला राजाश्रयाची गरज नसल्याचे पद म्हटले, अशी कथा सांगतात. पद सोडणारा कुलकर्णी, टिपणवहीत स्वतःला समजावणारा सम्राट आणि पत्रे लिहिणारा धनिक हे तिघे एकाच प्रश्नाशी तीन प्रकारे वागले. सोहिरोबांनी जागाच सोडली. मार्कस जागेवर राहिला आणि जागेचा मोह सोडायला धडपडला. सेनेकाने बरेच काही जपले आणि सोडण्याची तालीम केली. आमच्या भाच्याची स्थिती अर्थात सेनेकाच्या जवळची आहे, कारण त्याच्यावर गृहकर्ज आहे.

म्हणून मी त्याला सेनेकाचे अठरावे पत्र प्रथम दिले, मग डिमेलो, मग सिद्धार्थ. कृष्णमूर्ती आणि चांगदेव पासष्टी बरोबर घ्यायला सांगितली आणि ओशो वर्षभर बाजूला ठेवायला. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात, ज्याचा आरंभ १८३२ सालचा आहे, आम्ही एक शनिवार या यादीवर घालवला. सध्या तो डिमेलो यांचे पुस्तक दुसऱ्यांदा वाचतो आहे आणि फ्लॅटच्या जाहिराती पाहणे त्याने अजून थांबवलेले नाही. फक्त जाहिरात पाहताना आत काय होते तेही आता दिसते, असे तो परवा म्हणाला.